सेलमची कागदी बिस्किटे

अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम गावी माझी भाची असते. गेल्या नाताळात तिच्याकडे गेलो, तर पहिल्याच संध्याकाळी तिने पोळपाट माझ्यापुढे सरकवला. "मामा, एवढे लाटून द्या ना!"

पीठ आले, लवंग, दालचिनी आणि मोलॅसिसचे. मोलॅसिस म्हणजे आपल्या काकवीची काळी, किंचित कडवट थोरली बहीण. रात्रभर थंडाव्यात मुरलेला तो गोळा कागदाइतका पातळ लाटायचा आणि पत्र्याच्या साच्याने चांदण्या कापायच्या. दिवाळीत शंकरपाळे कापण्यापलीकडे ज्याची मजल नाही, त्याने हे करावे! पहिली चांदणी फाटली. दुसरीही. तिसरी साधली, ती ओव्हनमध्ये मिनिटभर जास्त राहून करपली.

ही विद्या मोरेव्हियन पंथीयांची. सेलम त्यांनीच १७६६ साली वसवले. जुन्या वस्तीत १८०० सालची विंक्लर बेकरी अजून उभी आहे. दुसऱ्या दिवशी ती पाहून पुढे निघालो, तो विटांचे एक चर्च लागले : सेंट फिलिप्स, १८६१ साली काळ्या मोरेव्हियनांसाठी बांधलेले. या भाविकांच्या गावात गुलाम होते, चर्चच्या मालकीचेसुद्धा. २१ मे १८६५ रोजी त्यांच्या मुक्ततेची घोषणा इथेच झाली. आणि मोलॅसिस ज्या उसाचे, तो कॅरिबियन बेटांवर पिकवणारे हातही गुलामांचेच होते.

बिस्किटांची पुडी हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

"मीही पहिल्यांदा इथेच थबकले होते," भाची म्हणाली. "खा, मामा."

खाल्ले. आल्याचा ठसका जरा उशिराने लागला.