रोबोचं बिऱ्हाड

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सामान इकडून तिकडे नेणारी आमची छोटी गाडी एका सकाळी उठलीच नाही. आतला रास्पबेरी पाय ४ गेला होता. दुकानात हाताशी मिळाला तो पाय ५. मालक म्हणाले, "कार्ड काढा, नव्यात घाला, झालं." पण पाय ५ वर उबुंटू २०.०४ सुरूच होत नाही, आणि गाडीचा सगळा संसार त्याच उबुंटूवर मांडलेला. गाडी चालवणारी प्रणाली रॉस, तिची नोएटिक ही आवृत्ती २०२० सालची. रॉसच्या आवृत्त्यांना कासवांची नावं देतात. आमचं कासव चार वर्षं एकाच जागी बसून होतं.

बिऱ्हाड हलवताना सामानाचा त्रास नसतो. जुन्या भिंतीच्या मापाने करून घेतलेलं कपाट नव्या भिंतीला लागत नाही, त्रास तिथे असतो. जुन्या घरात जीसीसी ९, पायथन ३.८, ओपनसीव्ही ४.२. नवं घर बुकवर्म, म्हणजे डेबियन १२ वर उभं: जीसीसी १२, पायथन ३.११, ओपनसीव्ही ४.६. आकडे जवळजवळचे दिसतात, त्यालाच माणूस फसतो.

रॉस २ वर का गेला नाहीत, असं कुणीही विचारेल. जायला हवंच होतं. पण ते नवं घर बांधणं झालं आणि मालकांना गाडी पंधरा दिवसांत हवी होती. मग जुनं उबुंटू कंटेनरमध्ये बसवून पाहिलं. सगळं चाललं, फक्त चाकं हलेनात. पाय ५ मध्ये पिनांचा कारभार आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेला आहे. जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी थेट जुन्या जागी हात घालते आणि तिथे कुणी नसतं. ते निभावून नेता आलं असतं, पण नोएटिकचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपणार होता. जे दुरुस्त करायला पुढे कुणी असणार नाही, ते निदान आपल्याला उघडून बघता यावं, असं मला वाटलं. म्हणून कंटेनर सोडून नोएटिक थेट बुकवर्मवर मांडायचं ठरवलं. हट्टच म्हणा.

डेबियनच्या भांडारात रॉसचे बरेच भाग तयार मिळतात. आमच्या गाडीला लागणारे सगळे मिळाले नाहीत. अर्धे त्यांचे, अर्धे आपले घेतले की एकाच नावाच्या दोन-दोन वस्तू घरात येतात. म्हणून सगळं सोर्सपासून बिल्ड करायला घेतलं.

इथे रॉसडेप मदतीला असतं. प्रत्येक पॅकेजसोबत एक यादी असते, मला काय काय लागतं याची. रॉसडेप ती वाचतं आणि या वस्तूला तुमच्या गावात काय म्हणतात ते कोष्टकात बघून आणून देतं. नाव जुळलं की ते खूश. वस्तू तीच आहे का, हे त्याचं काम नाही.

याचा पहिला झटका लॉग४सीएक्सएक्सने दिला. संदेश लिहून ठेवणारी ही गरीब लायब्ररी, तिच्याकडे कोण बघतो? बिल्ड फुटलं ते मात्र लेझरच्या पॅकेजमध्ये: 'शेअर्ड म्यूटेक्स' सापडत नाही. लेझरच्या कोडमध्ये हा शब्दच नव्हता. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने दिवसभर तो कोड चाळला. संध्याकाळी म्हणाली, "सर, ही फाइल निर्दोष आहे." निर्दोषच होती. रॉसची मुख्य हेडर फाइल लॉगची हेडर ओढून आणते, म्हणजे ती प्रत्येक पॅकेजच्या घरात शिरते. नव्या लॉग लायब्ररीला सी++१७ लागतं, आणि लेझरच्या सीमेक फाइलमध्ये कुणीतरी कधीकाळी सी++११ असं ठोकून ठेवलेलं. तसं ठोकलेली पॅकेजं आणखीही निघाली. ओळ बदलायला पाच सेकंद. कुठली ओळ ते कळायला एक दिवस. तेव्हापासून मी बिल्ड फुटलं की आधी एका वेळी एकच काम चालवतो आणि वर सरकत पहिल्या एररपर्यंत जातो. चार कामं एकदम चालली की शेवटची ओळ भलत्याचंच नाव घेते.

तरी हा भांडखोर पाहुणा बरा, दारातच ओरडतो. दुसरा गप्प होता, आणि त्याला मीच आणलं होतं. कॅमेऱ्याचा कोड ४.२ वर पारखलेला, म्हणून भीतीपोटी मी तेच ओपनसीव्ही हाताने बिल्ड करून यूएसआर-लोकलमध्ये ठेवलं. सगळं बिनबोभाट जुळलं. गाडी चालायची, आणि पहिलं चित्र आलं की कॅमेऱ्याचा नोड मरायचा. दोन रात्री मी केबल बदलत बसलो. अखेर एलडीडी लावून पाहिलं, तर एकाच प्रोग्राममध्ये दोन ओपनसीव्ही: एक माझं, एक सिस्टिमचं. लिंकरने सांगितलंही होतं, 'मे कॉन्फ्लिक्ट', हजार ओळींच्या मध्ये, नम्रपणे. मी माझं ४.२ काढून टाकलं आणि कोडमधल्या दोन जागा ४.६ प्रमाणे केल्या. भीतीने केलेली तजवीजच गळ्यात आली होती.

बुकवर्मच्या पायथनमध्ये पिप काही बसवू देत नाही. देतो, पण 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा पर्याय लिहून मागावं लागतं. इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. आम्ही मुकाट्याने व्हेन्व्ह केलं.

शेवटचा दिवस लायडारने खाल्ला. जुन्या कार्डातल्या डीपीकेजीच्या यादीवरून पॅकेजं बरोबर उतरवली होती, पण लायडारच्या पोर्टला कायमचं नाव देणारा यूडेव्हचा नियम मीच कधीतरी हाताने लिहिला होता. हाताने लिहिलेलं कुठल्याच यादीत नसतं.

गाडी सोळाव्या दिवशी चालली. तुमच्याकडे अजून नोएटिकवर काही चालत असेल, तर बोर्ड जिवंत आहे तोवर यूएसआर-लोकल आणि यूडेव्हच्या नियमांची यादी कागदावर उतरवून ठेवा.