टँडेम : मागच्या सीटवरचे काम

एका सायकलवर दोन माणसे बसली की मराठीत तिला ‘डबलसीट’ म्हणतात, आणि त्या शब्दात एकाने पायडल मारायचे व दुसऱ्याने नुसते बसून यायचे हे गृहीत असते. मागेपुढे दोन सीट, दोन हँडल आणि पायडलांच्या दोन जोड्या असलेल्या टँडेम सायकलबद्दलही असाच समज आढळतो, आणि मागच्या सीटवर अंध खेळाडू असला की तो समज अधिकच पक्का होतो. वास्तविक या खेळाचे मर्म त्या मागच्या सीटवरच आहे.

पॅरालिम्पिक सायकलिंगमध्ये दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंचा ‘बी’ हा एकच वर्ग असतो, म्हणजे पूर्णतः अंध आणि अंशतः दृष्टी असलेले खेळाडू एकाच शर्यतीत उतरतात. पुढे बसणाऱ्या डोळस स्वाराला पायलट म्हणतात आणि दिशा त्याच्या हाती असते. मागच्या स्वाराला, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या कामगारावरून, स्टोकर हे नाव पडले असून त्याचे हँडल वळत नाही, ते फक्त धरण्यासाठी असते. दोघांची पायडले वेगळ्या चेनने एकमेकांना जोडलेली असल्याने दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात. धावपट्टीवरच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते, त्यामुळे चाक फिरते तोवर पाय थांबवता येत नाहीत, आणि मागच्याने जोर किंचित कमी केला तरी ते पुढच्याच्या तळपायाला त्याच क्षणी कळते.

शर्यत जिथे होते तो वेलोड्रोम म्हणजे लाकडी फळ्यांची, बहुधा २५० मीटरची अंडाकृती धावपट्टी. तिची वळणे भिंतीसारखी चढत जातात, लंडनच्या वेलोड्रोममध्ये तर ४२ अंशांपर्यंत. आतल्या कडेजवळच्या काळ्या रेषेवर अंतर मोजले जाते. त्या रेषेपासून सायकल अर्धा मीटर वर राहिली तर प्रत्येक फेरीत सुमारे ३ मीटर, म्हणजे एक किलोमीटरच्या चार फेऱ्यांत १२ मीटरांहून अधिक वाटचाल फुकट जाते, आणि सायकल रेषेवर राहणे हे केवळ पायलटच्या हातावर अवलंबून नसते. सुटताना सायकलचे मागचे चाक यंत्रात अडकवलेले असते. इशारा होताच दोघांनी एकाच क्षणी सीटवरून उठायचे, एकाच पायावर भार टाकायचा आणि अंग एकाच बाजूला झुकवायचे असते, कारण दोन शरीरे उलटसुलट डोलली की लांब सांगाडा सापासारखा वळवळतो. वळणात शरीराचे वजन दीडपटीहून अधिक भासते, सरळ पट्ट्यावर ते उतरते. या चढउतारावरून आपण नेमके कुठे आहोत हे मागच्या स्वाराला कळते, आणि सरावलेल्या स्टोकरला वळण डोळ्यांनी दिसण्याची गरज उरत नाही.

दोघांचा जोर एकत्र येतो, पण मागचा स्वार पुढच्याच्या आडोशाला असल्याने हवेचा विरोध दुप्पट होत नाही. टँडेमच्या वेगाचे कारण हेच. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये नील फॅची आणि त्यांचे पायलट मॅट रॉदरहॅम यांनी एक किलोमीटर ५८.०३८ सेकंदांत पार केले, म्हणजे उभ्या सुरुवातीसह सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटर पडला. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने दृष्टी क्षीण झालेले फॅची २००८च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये धावपटू म्हणून उतरले होते. पायांतला तोच स्फोटक जोर पुढे त्यांनी सायकलवर आणला.

टँडेमची शर्यत मुळात डोळसांचीच होती. १९०८मध्ये आणि नंतर १९२० ते १९७२ या काळात ती ऑलिम्पिकमध्ये होती, मग वगळली गेली, आणि १९९४नंतर डोळसांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतूनही गेली. धावपट्टीवरच्या टँडेमची विद्या आज सर्वोच्च स्तरावर टिकून आहे ती दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंमुळे. हे ऋण सायकलिंगच्या इतिहासात ठळकपणे नोंदले जायला हवे.

पदक दोघांनाही मिळते, आणि ते योग्यच आहे. सिडनी ऑलिम्पिकमध्ये सांघिक स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवणारे क्रेग मॅक्लीन २०१२मध्ये लंडनला अँथनी कॅपेस यांचे पायलट म्हणून उतरले आणि दोघांनी स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले. भारताकडे पाहता, भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया यांनी पॅरिस २०२४मध्ये पॅरालिम्पिकच्या धावपट्टीवर पाऊल ठेवले, परंतु त्यांचा वर्ग एकेरी सायकलचा आहे. टँडेमसाठी सायकल मिळून भागत नाही. अंध खेळाडूला तोडीस तोड ताकदीचा, त्याच वेळी सरावाला मोकळा असणारा जोडीदार वर्षानुवर्षे लागतो. दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला लाकडी वेलोड्रोम आहे आणि महाराष्ट्रात वेगवान सायकलपटूंची उणीव नाही; त्यांच्यातल्या काहींनी पुढची सीट स्वीकारावी, आणि प्रशिक्षकांनी सरावाच्या पहिल्या दिवसापासून सुटण्यापूर्वीचे उलटे आकडे मोजण्याचे काम मागच्या स्वाराकडे द्यावे.