आक्विलेयाचा धक्का आणि विपावाची खिंड

व्हेनिसहून त्रिएस्तेच्या दिशेने जाणाऱ्या गाडीतून चेर्विन्यानोला उतरायचं आणि ग्रादोची बस पकडायची. आक्विलेया त्याच रस्त्यावर आहे. चेर्विन्यानो गावातून औसा नावाची लहानशी नदी वाहते. इ.स. ३४० मध्ये रोमचा एक सम्राट, दुसरा कॉन्स्टन्टाइन, धाकट्या भावाचा मुलूख बळकावायला इटलीत उतरला. भावाच्या सैन्याने आक्विलेयाजवळ दबा धरून त्याला गाठलं, ठार केलं आणि प्रेत या नदीत फेकून दिलं. उत्तरकालीन रोममधल्या या भाऊबंदकीच्या जागा बघायलाच मी या बाजूला आले होते.

इ.स.पूर्व १८१ मध्ये वसवलेलं हे शहर एकेकाळी इटलीतल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. आज इथे जेमतेम तीन हजारांवर वस्ती आहे. आल्प्स ओलांडून डॅन्यूबकडे जाणारे रस्ते इथूनच निघत, म्हणून व्यापार भरभराटीला आला. पण त्याच रस्त्यांनी डॅन्यूबवरच्या पलटणी उलट्या दिशेनेही येत. त्यांच्या एखाद्या सेनापतीला रोमची गादी हवी झाली, की त्याच्या वाटेत पहिलं मोठं शहर लागायचं ते हेच.

बॅसिलिकाच्या मागे सायप्रसच्या झाडांमधून एक पायवाट जुन्या बंदराकडे जाते. बोटी लागत ती नदी आता आटून ओहोळ झाली आहे, पात्रात गवत माजलंय. धक्का मात्र शाबूत आहे: इस्त्रियाचा पांढरा दगड, आणि दोरखंड ओवायला भोकं पाडलेले आडवे दगड. मी एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत आहे. त्याच धक्क्यावर नंतरच्या काळात तट चढवलेला दिसतो, आणि त्यात जुन्या इमारतींचे दगड जसे हाती लागले तसे रचलेत. जिथे माल उतरायचा तिथेच शहराने भिंत घातली. वस्तुसंग्रहालयातल्या सुंदर काचेच्या बाटल्यांपेक्षा या ओबडधोबड भिंतीपाशी मी जास्त रेंगाळले.

या शहराला पडलेल्या वेढ्यांपैकी २३८ सालचा वेढा हेरोडियन या इतिहासकाराने फार बारकाईने सांगितलाय. सिनेटने शत्रू ठरवलेला सम्राट मॅक्सिमिनस थ्रॅक्स सैन्य घेऊन आला, तेव्हा बर्फ वितळून इझोन्त्सो नदी फुगली होती आणि पूल गावकऱ्यांनी आधीच पाडला होता. सैनिकांनी ओस पडलेल्या शेतांवरची दारूची रिकामी पिंपं गोळा केली आणि ती जोडून पूल केला. तटावरून गंधक आणि डांबराचं उकळतं मिश्रण त्यांच्या अंगावर ओतलं गेलं. आत धान्य होतं, बाहेर उपासमार. शेवटी मॅक्सिमिनसच्याच सैनिकांनी भर दुपारी त्याला आणि त्याच्या मुलाला तंबूपाशी मारलं. पुढचा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गावाने दरवाजे तरीही उघडले नाहीत. तटावर बाजार मांडला आणि कालपर्यंत जिवावर उठलेल्या त्या भुकेल्या सैनिकांना तिथूनच अन्न, दारू, कपडे विकले.

३६१ मध्ये पुन्हा वेढा पडला. या वेळी बंड करून उठलेल्या ज्युलियनचे सैनिक बाहेर आणि सम्राट कॉन्स्टन्टियसशी इमान राखलेले सैनिक आत, म्हणजे दोन्हीकडे रोमनच. बाहेरच्यांनी तीन गलबतं एकत्र बांधून त्यांवर तटाहून उंच लाकडी मनोरे उभारले आणि ते नदीतून भिंतीला भिडवले. आतल्यांनी डांबर लावलेले पेटते बाण सोडून ते जाळले. मग नदीचा प्रवाहच वळवला गेला, तरी आतले विहिरींच्या पाण्यावर तगून राहिले. त्या नोव्हेंबरात कॉन्स्टन्टियस वारला, पण आतल्यांचा त्यावर विश्वास बसेना. मेलेल्या धन्यासाठी ते लढतच राहिले. ४२५ मध्ये तर योआनेस नावाच्या पदच्युत सम्राटाचा इथे हात तोडला, गाढवावरून धिंड काढली आणि मग शिरच्छेद केला.

दुसऱ्या दिवशी स्लोव्हेनियात गेले. गोरित्सियापाशी सरहद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. विपावाच्या खोऱ्यात आयदोव्श्चिना हे गाव रोमन ठाण्यातच वसलंय. गोल बुरुजांना टेकून घरं आहेत, तटाच्या आत बाजार आहे. गावातल्या जुन्या कौलांवर ओळीने दगड ठेवलेले दिसले. ते कशासाठी, असं विचारल्यावर दुकानदार आजींनी नुसतं डोंगराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “बुर्या.” पठारावरून खाली कोसळणारा हा वारा घराचं छप्परही जागेवर ठेवत नाही.

५ आणि ६ सप्टेंबर ३९४ रोजी याच खोऱ्यात फ्रिगिडस नदीची लढाई झाली. नेमकी जागा कुठली यावर एकमत नाही. पूर्वेचा सम्राट थिओडोसियस खिंडीतून उतरला. समोर पश्चिमेची फौज होती: तिचा सेनापती फ्रँक वंशाचा आर्बोगास्ट आणि त्याने गादीवर बसवलेला, पेशाने शिक्षक असलेला युजिनियस. पहिल्या दिवशी थिओडोसियसने आपल्या गॉथ मित्रसैन्याला पुढे लोटलं. ओरोसियसच्या म्हणण्याप्रमाणे दहा हजार गॉथ पडले, आणि ते मेले यात रोमचा फायदाच झाला असंही तो लिहितो. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, पश्चिमेच्या सैनिकांच्या तोंडावर धूळ आणि त्यांचेच बाण उलटे आले. युजिनियसचं डोकं उडवलं गेलं, आर्बोगास्टने आत्महत्या केली. ख्रिस्ती लेखकांनी याला ईश्वरी कौल म्हटलं. मला मात्र पहिल्या दिवसाचा हिशेब जास्त बोचतो. त्या गॉथांमध्ये अलारिक होता, आणि ४१० मध्ये रोम लुटणारा तोच.

आयदोव्श्चिनाहून वर ह्रुशित्साच्या खिंडीकडे जाणारा जुना रस्ता धरला. सुमारे साडेआठशे मीटर उंचीवर, जंगलात दुसऱ्या ठाण्याच्या भिंती आहेत. चौथ्या शतकात रोमने इटलीचं दार बंद करायला या डोंगरांत तटांची एक साखळीच उभारली होती. बीचच्या झाडांखाली, शेवाळलेल्या दगडांवर बसून मी ४५२ चा विचार करत होते. त्या वर्षी हूणांचा राजा आटिला इटलीत शिरला. त्या काळी हयात असलेला प्रॉस्पर हा लेखक सेनापती एटियसवर ठपका ठेवतो, की शत्रूला रोखण्याजोगे आल्प्सचे अडसरसुद्धा त्याने वापरले नाहीत. माझ्या मते हा ठपका अर्धाच खरा आहे. एटियसपाशी खिंडीत उभं करायला माणसं होती कुठे? पश्चिमेची बरीचशी खडी फौज ३९४ मध्ये खाली खोऱ्यात रोमन सम्राटाशीच लढून संपली होती, आणि नंतरच्या यादवींनी उरलीसुरलीही खाल्ली. आटिलाने आक्विलेयाला वेढा घातला, शहर पाडलं, आणि त्या धक्क्यावरच्या तटामागे राहणारे जे वाचले ते खाडीतल्या ग्रादोच्या बेटांकडे पळाले.