रसाळगड ते महिपतगड : पायांची परीक्षा

खेड शहरातून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची मुख्य भिंत दिसते आणि तिच्या अलीकडे, तिला जवळजवळ समांतर अशी आणखी एक डोंगररांग. या रांगेवर दक्षिणेकडून उत्तरेकडे रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले उभे आहेत. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतल्यानंतर हा मुलूख स्वराज्यात आला. डोंगर चढणारी मंडळी ही वाट सहसा दोन-तीन दिवसांत पुरी करतात. आमच्या घरातल्या तरुणांनी ती एका दिवसात, धावत करायचे ठरवले.

डांबरी रस्ता सोडून रानातल्या पायवाटेने धावणे, याला ट्रेल रनिंग म्हणतात. नाव धावण्याचे असले तरी डोंगरात मुरलेला धावपटूही उभ्या चढावर चालतोच. खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचे स्नायू शरीराचे वजन अडवत ताणले जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते. त्यात कोकणातली वाट म्हणजे सुटे दगड, वाळलेले गवत आणि पाचोळ्याखाली लपलेली मुळे.

डिसेंबरातला रविवार होता. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेणारी माझी भाची, माझा पुतण्या आणि मी, असे तिघे फजरची नमाज अदा करून खेडहून निघालो. घरातून निघताना मामूंनी एकच विचारले, “मोबाइलला रेंज नाही तिथे कोणाचा पाय मोडला, तर खाली आणणार कोण?” त्याचे उत्तर म्हणून आम्ही एक नियम केला. अकरापर्यंत सुमारगडाच्या पायथ्याशी पोहोचलो नाही, तर मागे फिरायचे.

रसाळवाडीपर्यंत गाडी गेली. रसाळगड तिघांत लहान, पण पाहण्यासारखा. माथ्यावर झोलाई देवीचे मंदिर, पाण्याची टाकी आणि गवतात पडलेल्या तोफा आहेत. तिथून रांगेच्या वाटेला लागलो. भाची पुढे, हलक्या पावलांनी. मी सर्वांत मागे. पुढचे रान दाट, वाटा अनेक. गुरांची वाट आणि माणसांची वाट एकसारखीच दिसते. दोनदा थांबून, माग काढून पुढे जावे लागले.

वाटेतल्या धनगरवाड्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, “पोरांनो, पाठी वाघ लागलाय काय?” आम्ही हसलो, टेकलो. त्यांनी पाणी दिले. भाचीने त्यांना विचारले, “बाबा, इथे कोणी आजारी पडले तर काय करता?” ते म्हणाले, “डोली. चार गडी खांद्यावर, चार बदलीला. बायकोला असंच उतरवलं होतं. पावसाचे दिवस, सकाळी निघालो ते दुपारी रस्त्याला लागलो.” त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. आम्ही मात्र मनात आकडा मांडला : एका जखमी पायासाठी आठ माणसांचा दिवस.

सुमारगडाचा कडा समोर दिसू लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पायथा अजून दूर होता. सुमारगडाची चढण तिघांत अवघड, त्यापुढे महिपतगडापर्यंत जंगल. भाची म्हणाली, “मामा, माझ्या पायात अजून दम आहे. पुढे जाऊ.” तिच्या पायात दम होता, हे खरेच. मी म्हटले, “बेटा, तुझ्या पायांचा प्रश्न नाही. बाबांच्या त्या आठ माणसांचा आहे.” ती काही बोलली नाही. बुटाची नाडी आवळली आणि आल्या वाटेने वळली. परतीची वाट ती फारशी बोलली नाही, पण प्रत्येक वळणावर आमच्यासाठी थांबली.

जानेवारीत आम्ही दहिवलीच्या बाजूने महिपतगड केला. रांगेतला हा सर्वांत मोठा गड, विस्ताराने एखाद्या पठारासारखा. त्या दिवशी वेळ हाताशी होता.

वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात या वाटा धावण्याच्या नाहीत. स्थानिक वाटाड्या घ्यावा. माणशी किमान ३ लिटर पाणी हवे. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तयार केलेले पाणीही बरोबर असावे. अत्तर लावून निघू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने माश्या बिथरतात. दगडाखाली फुरसे बसलेले असू शकते, म्हणून न पाहता हात टेकू नये. १०८ ची रुग्णवाहिका गाडीरस्त्यापर्यंतच येते, हे लक्षात ठेवावे.

सुमारगड आमचा अजून राहिला आहे. भाचीची परीक्षा संपली की पुन्हा निघू, इन्शाअल्लाह. या वेळी वाटाड्या म्हणून बाबांच्या नातवाला सांगून ठेवले आहे, आणि रात्रीचा मुक्काम त्यांच्याच वाड्यावर ठरला आहे.