मोतीबिंदू थांबतो, काचबिंदू थांबत नाही

"वय झालं आता, कमी दिसणारच की!" हे वाक्य आपल्याकडं इतकं सहज बोललं जातं की त्यावर कोणी विचारच करत नाही. सांगणाऱ्याला त्यात तक्रार वाटत नाही, ऐकणाऱ्याला आजार वाटत नाही. गेली आठ वर्षं मी आमच्या भागातल्या नेत्र शिबिरांत मदतीला जातो. नावं लिहून घेणं, म्हाताऱ्या माणसांना रांगेत बसवणं, चष्मे वाटणं, ऑपरेशनवाल्यांना गाडीत बसवून देणं, एवढंच माझं काम. मी डॉक्टर नाही. पण या कामात जे समजलं ते आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. घरात चाळिशीच्या पुढचं कोणी असेल, कोणाला साखर असेल, किंवा शाळेत जाणारं पोर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

कमी दिसण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात कमी झालेली नजर परत मिळते. दुसऱ्यात गेलेली परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते. आपली शिबिरं, बॅनर, भाषणं सगळी पहिल्या प्रकाराभोवती फिरतात. दुसऱ्या प्रकारातली माणसं त्याच रांगेतून चष्मा घेऊन घरी जातात.

आधी पहिला प्रकार. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, सुईत दोरा जात नाही, मोबाईल लांब धरावा लागतो. आपल्या भाषेनं तर त्या चष्म्यालाच 'चाळिशी' नाव देऊन टाकलंय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चष्मा लावला की काम भागतं. मोतीबिंदूचंही तसंच. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, धुरकट दिसतं, रात्री समोरच्या गाडीचा लाईट पसरतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. ऑपरेशन करून ते भिंग काढतात, कृत्रिम भिंग बसवतात आणि डोळ्याचा पडदा आणि नस चांगली असेल तर माणूस पुन्हा नातवाचा चेहरा ओळखायला लागतो. 

सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 सालापासून चालू आहे आणि त्याचा सगळा भर मोतीबिंदूवर राहिला, तो उगाच नाही. 2015 ते 2019 या काळात देशात झालेल्या सरकारी पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं 66.2 टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे आंधळ्या झालेल्या तिघांपैकी दोघं ऑपरेशनअभावी अंधारात. त्यामुळे शिबिरांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. शिबिरं हवीतच.

फक्त एक समज सोडा. "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचा होता. आता पिकायची वाट बघायची गरज नसते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि कधीकधी त्यानंच डोळ्यातला दाब वाढतो. थंडीतच ऑपरेशन करायचं हाही तसाच जुना समज. तरीही मोतीबिंदूत चार-सहा महिने इकडे तिकडे झाले तर बहुतेक वेळा नजर भरून निघते. मोतीबिंदू थोडा थांबतो. ऊस कारखान्याला जाऊ द्या, लेकीचं लग्न होऊ द्या, असं म्हणायची तो सोय ठेवतो.

काचबिंदू ती सोय ठेवत नाही.

आमचे थोरले चुलते, आण्णा. सांगली जिल्ह्यात ऊसपट्ट्यात आयुष्य गेलं. साठीच्या आसपास ते दारं धरायला गेले की पाटाच्या कडेला ठेचकाळायला लागले. बाजूनं येणारी सायकल दिसायची नाही. पण समोरचं स्वच्छ दिसायचं, पेपर वाचायचे. शेजारच्या गावात शिबिर लागलं तिथं गेले. तक्ता वाचायला लावला, बॅटरीनं डोळा बघितला, "मोतीबिंदू नाही, जवळचा चष्मा वापरा" म्हणाले. आण्णा खूश. फुकट चष्मा मिळाला आणि ऑपरेशन टळलं. डोळ्यातला दाब कोणी मोजला नाही, आतली नस कोणी बघितली नाही. 

दोन वर्षांनी एका डोळ्यानं दिसेनासं झालं तेव्हा मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याचं मधलं तेवढं उरलंय, ते टिकवू. आण्णांनी विचारलं, "ऑपरेशन केलं की येईल न्हवं?" डॉक्टर काही क्षण गप्प बसले आणि मग "नाही" म्हणाले. त्या वर्षापासून मी शिबिरांत जायला लागलो.

काचबिंदूत होतं काय, तर डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातो. ती वाट तुंबली की आतला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस हळूहळू सुकत जाते. नजर आधी कडेनं जाते आणि मधली शेवटपर्यंत राहते. दुखत नाही, लाल होत नाही. म्हणून माणसाला कळत नाही आणि नुसता तक्ता वाचून घेणाऱ्यालाही कळत नाही. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यात काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे आधी माहीतच नव्हतं.

दाब साधारण 10 ते 21 च्या दरम्यान चांगला मानतात. पण दाब बरोबर असूनही नस सुकणारे लोक असतात, म्हणून दाब मोजणं आणि नस बघणं, दोन्ही लागतं. ही तपासणी काही मिनिटांची आहे. चाळिशीनंतर एकदा तरी करून घ्याच. आणि घरात आईवडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर ती टाळायचीच नाही, कारण रक्ताच्या नात्यात धोका कितीतरी जास्त असतो.

आण्णांचं निघाल्यावर आम्ही आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बळंच नेलं. "मला सगळं दिसतंय, कशाला पैसे घालवतोस?" हे वाटेत तीनदा ऐकलं. त्यांनाही निघाला, पण सुरुवातीचा. आज आठ वर्षं रोज रात्री थेंब चालू आहेत आणि आबा अजून स्वतः बैलगाडीच्या वाटेनं शेतात जातात. भांडण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी होतं. "थेंब टाकून काय फरक पडतोय? आहे तेवढंच दिसतंय!" आबा, आहे तेवढंच दिसतंय हाच तर फरक आहे. काचबिंदूच्या औषधानं जास्त दिसायला लागत नाही, आहे ते जात नाही. ही गोष्ट घरोघरी पटवावी लागते, कारण गुण दिसत नसलेलं औषध आपण दोन बाटल्यांनंतर सोडतो. (दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, यातल्या काही थेंबांनी दमा उसळतो.)

काचबिंदूचा एक प्रकार अचानकही येतो. डोळा ठणकतो, लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात. आपण पित्त म्हणून सोडा पाजतो किंवा अर्धशिशी म्हणून झोपवतो. ती रात्र घरी काढायची नसते. लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडं.

दुसरा, नजर परत न देणारा आजार म्हणजे साखर. डायबेटिसमध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, गळतात, फुटतात. सुरुवातीला तक्रार काहीच नसते. म्हणून साखर निघाली की त्याच वर्षी, आणि नंतर दरवर्षी, डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. वेळेत कळलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं बरंच थांबवता येतं. आपल्याकडं साखरेची गोळी दहा वर्षं घेणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या किती जणांनी पडदा तपासलाय, हे तुमच्याच घरात विचारून बघा.

तिसरी गोष्ट शेतातली. ऊस तोडताना पाचट लागतं, मळणीत कुसळ जातं, भाताचं तूस उडतं. डोळा चोळतो, संध्याकाळी मेडिकलमधून थेंब आणतो. झाडपाल्यानं झालेल्या जखमेत बुरशी वाढते आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या थेंबात स्टेरॉईड असेल तर ती बुरशी आणखी फोफावते. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला म्हणजे जखम चिघळली. बरी झाली तरी मागं फूल राहतं, आणि मग दुसऱ्या कोणाच्या नेत्रदानाची वाट बघावी लागते. दूध, तूप, मध, अंगावरचं दूध, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. 2023 च्या पावसाळ्यात डोळे आले होते तेव्हा आळंदीपासून गावागावांत हीच बाटली एकाची दुसऱ्यानं वापरली. स्टेरॉईडचे थेंब महिनोन्‌महिने टाकले तर त्यातूनही काचबिंदू होतो, अगदी लहान पोरांनाही. डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय डोळ्याचं औषध विकत आणू नका.

तंबाखूच्या चुन्याची डबी पोरांच्या हाती लागू देऊ नका. चुना डोळ्यात गेला तर आधी दवाखाना शोधत बसायचं नाही. स्वच्छ पाणी, नळाचं असो वा कळशीचं, पंधरा-वीस मिनिटं सलग डोळ्यावर ओतायचं, चुन्याचे कण निघतील तेवढे काढायचे आणि मग पळायचं.

आता पोरांचं. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि उपचार झाले तर तो डोळा कामाला लागतो, उशीर झाला की आयुष्यभर आळशी राहतो. पोरगं तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यानं त्याचं भागतं. फळ्याजवळ जाऊन बसणं, मान तिरकी करून बघणं, तिरळेपणा, ही लक्षणं. तिरळा डोळा म्हणजे नशीबवान, असं म्हणून त्याच्या नशिबाचं वाटोळं करू नका. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. तुमच्या शाळेत शेवटची कधी आली होती, ते मुख्याध्यापकांना विचारा. आणि मुलींच्या बाबतीत एक हात जोडून सांगणं. "चष्मा लागला तर स्थळ कसं येणार?" म्हणून चष्मा लपवणाऱ्या आया मी दर शिबिरात बघतो. फळा न दिसणारी पोरगी 'ढ' ठरते आणि तिची शाळा सुटते. चष्म्यानं लग्न मोडतं की नाही माहीत नाही, पण शिक्षण मोडलेलं मी बघितलंय.

मग मागायचं काय? ऑपरेशनचा आकडा बॅनरवर टाकता येतो, वाचवलेल्या नसेचा फोटो काढता येत नाही. म्हणून काचबिंदू आणि पडदा मागं पडतात. आपण आता तीन गोष्टी मागायच्या. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा डोळ्यातला दाब शिबिरात मोजला गेला पाहिजे आणि नस बघितली पाहिजे. साखरेची गोळी जिथून मिळते त्या आरोग्य केंद्रातून वर्षाला एकदा पडदा तपासायची चिठ्ठी मिळाली पाहिजे. आणि ग्रामीण रुग्णालयातलं नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचं पद भरलेलं, मशीन चालू आणि काचबिंदूचे थेंब खिडकीवर असले पाहिजेत. यातलं एकही चैनीचं नाही.

घरच्या घरी आज रात्री एवढं करा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका, आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मग दुसरा झाका. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला, रेषा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग दिसला, तर वय झालं म्हणून सोडू नका. यात काचबिंदू सुटू शकतो, त्यामुळे फरक वाटला नाही तरी चाळिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही. अचानक ठिणग्या चमकणं, काळे ठिपके उडायला लागणं किंवा डोळ्यापुढं पडदा ओढल्यासारखं होणं, हे झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्याचं प्रेशर मोजतात का? माहीत नसेल तर या आठवड्यात जाऊन विचारा आणि तालुक्याचं नाव लिहून इथं सांगा. यादी झाली की जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यायचंय. सोबत यायला कोण तयार आहे, तेही लिहा.