केपचा वळसा

आमच्या नगरात ह्यूम मेमोरियल चर्च कोणाला ठाऊक नाही? पण ह्यूम म्हणजे कोणी एक गोरा साहेब, यापलीकडे मला काहीच माहिती नव्हती. इतिहासाच्या निबंधासाठी अमेरिकन मराठी मिशनची माहिती काढू लागलो आणि एका समुद्रप्रवासापाशी थबकलो.

रॉबर्ट विल्सन ह्यूम हे मिशनरी पत्नी हॅना यांच्यासह १८३९ मध्ये मुंबईस आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन १८४७ साली भायखळ्यास जन्मला. १८५३ मध्ये देशातील पहिली प्रवासी आगगाडी याच भायखळ्यावरून ठाण्याला गेली. पुढच्याच वर्षी हे कुटुंब अमेरिकेस निघाले. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून १५ वर्षे होती. शिडाची जहाजे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालीत आणि मग अटलांटिकमध्ये शिरत. कित्येक महिन्यांचा तो प्रवास! त्या वाटेवर जहाजावरच ह्यूम वारले. भर समुद्रात गेलेल्या माणसाला समुद्राच्याच स्वाधीन करीत. जहाज कोणासाठी थांबत नसे. हॅनाबाई मुलांना घेऊन पुढे गेल्या.

सात वर्षांचा रॉबर्ट येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ साली पाद्री होऊन आला तो नगरलाच. तेव्हा नगरला रेल्वेही नव्हती. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. त्याच वर्षी त्यांनी येथे धर्मशिक्षणाची शाळा काढली. धाकटा भाऊ एडवर्ड १८७५ मध्ये मुंबईस आला. भायखळ्याच्या ह्यूम हायस्कूलला त्याच घराण्याचे नाव आहे. रॉबर्ट १९२६ पर्यंत या देशात राबले.

हे वाचताना मला आमची आई आठवली.

आम्ही पाथर्डी तालुक्यातले. दसरा झाला की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मी सातवीत असताना वडील फडावरून परतताना वाटेतच गेले. मी आजीपाशी होतो. आई बरोबर होती. ती गावी आली ती वडिलांना घेऊनच. पुढच्या दसऱ्याला तिने पुन्हा कोयता बांधला, त्याच कारखान्यावर जायला! मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. ज्या वाटेने बाप नेला, त्याच वाटेने ही कशी जाते, हे मला उमगेना. निघताना ती एवढेच म्हणाली, "बाळा, मुकादमाची उचल फिटायची हाय अजून."

ह्यूम बंधूंवर कोणाची उचल नव्हती. ते आपल्या श्रद्धेने आले. आमच्या आईला कर्जाने नेले. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे बरे नव्हे. हॅनाबाईंच्या मुलांना निवड होती, आईला नव्हती. पण एक गोष्ट मला दोघींत सारखी दिसते. ज्या प्रवासात नवरा गमावला, त्याची दहशत त्यांनी मुलांच्या मनात पेरली नाही. ती पेरली असती, तर दोन्ही मुलगे केपच्या आठवणी विसरून इकडे का येते? आणि मी तरी आज या कॉलेजात कसा असतो? माझी फी त्या फडातूनच आली आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत मी फडावर आईच्या कोपीत दोन दिवस राहिलो. वडील जिथे गेले ती जागा मला दाखव, असे मी पहिल्यांदाच म्हणालो. ती काही बोलली नाही. पहाटे मोळ्या बांधून झाल्यावर गाडीवर मला शेजारी बसवले, आणि एका ओढ्यापाशी बैलांचा कासरा ओढला. आम्ही उतरलो नाही. मागून टोळीच्या गाड्या येत होत्या. थोड्या वेळाने तिने बैल हाकलले.

आमची गाडी निदान घटकाभर थांबली. त्या जहाजाला तेवढेही जमले नव्हते.