वर्षभराचा पास

तुमच्यापैकी किती जणांच्या दप्तरात एसटीचा पास आहे? काय काय असतं बरं त्यावर? तुमचं नाव, फोटो, कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत. कंडक्टरकाकांनी मागितला की झटकन काढून दाखवायचा, की झालं! आज मी तुम्हाला अशाच एका पासाची गोष्ट सांगणार आहे. फक्त तो एसटीचा नाही, चक्क जत्रेचा आहे. आणि जत्राही कशी? वर्षभर चालणारी!

ही जत्रा आहे अमेरिकेत. तिथल्या फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ आहे. मिकी माउसवाले वॉल्ट डिस्ने तुम्हाला ठाऊक असतीलच. त्यांनी कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. पण तिथं जागा पुरेना. मग त्यांनी फ्लोरिडातली दलदलीची जमीन गुपचूप विकत घ्यायला सुरुवात केली. गुपचूप का? डिस्ने घेतायत म्हटल्यावर भाव वाढले असते ना! अशी सुमारे २७ हजार एकर जमीन जमली. पण १९६६ च्या डिसेंबरमध्ये वॉल्ट वारले. मग थोरले भाऊ रॉय यांनी काम पुरं केलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला दार उघडलं. पाटीवर मात्र त्यांनी धाकट्या भावाचं पूर्ण नाव घातलं. स्वतः रॉयही त्याच वर्षी डिसेंबरात गेले.

आज तिथं एक नाही, चार मोठ्या बागा आहेत. मॅजिक किंगडम ही पहिली. मग १९८२ साली एपकॉट, १९८९ साली आता हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ती आणि १९९८ साली ॲनिमल किंगडम. एका दिवसात एकच बाग धड बघून होत नाही. म्हणून तर वर्षभराचा पास!

माझी ताई टँपा शहरात राहते. तिथून ही जागा मोटारीनं सव्वा-दीड तासावर. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. ताई, भावोजी, दहा वर्षांची भाची मनू आणि अडीच वर्षांचा छोटू असं त्यांचं घर. मी पोचले त्याच रात्री मनूनं मला संगणकावर एक कागद दाखवला. “मावशी, आमचे पास! मार्चमध्ये घेतलेत.”

“अगं, मग तीन महिने वाया गेले की!” मी म्हटलं.

मनू हसायला लागली. “नाही गं! अजून चालू कुठं केलेत?”

इथं मला पहिली गंमत कळली. घरबसल्या पैसे भरले, नावं नि जन्मतारखा भरल्या, तरी तो पास नव्हे. ते पासाचं वचन! तिथं स्वतः जाऊन, खिडकीवर ओळख पटवून पास चालू करावा लागतो. आणि वर्ष मोजायचं ते त्या दिवसापासून. मनूनं हट्ट धरला होता, “आपलं वर्ष मावशी आल्यावरच सुरू करायचं.” तीन महिने ही पोरगी थांबली होती! मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

या पासांची नावंही मोठी गमतीची. परीची धूळ, चाचा (म्हणजे समुद्रावरचा लुटारू), जादूगार आणि सगळ्यांत वरचा इन्क्रेडी-पास. पहिले दोन फक्त फ्लोरिडात राहणाऱ्यांना मिळतात. तिसरा त्यांना आणि डिस्नेच्या सुट्टीघर योजनेच्या सभासदांना. चौथा कुणालाही. २०२१ च्या नोव्हेंबरात बहुतेक नव्या पासांची विक्री थांबली होती, ती २० एप्रिल २०२३ ला पुन्हा सुरू झाली. तेव्हा सगळ्यांत स्वस्त पास ३९९ डॉलरचा आणि सगळ्यांत महाग १,३९९ डॉलरचा होता. एवढा फरक का? तर स्वस्त पास शनिवार-रविवारी चालतच नाही. म्हणजे शाळेला सुट्टी असेल तेव्हा नेमका पास घरी बसणार! चाचाचा पास शनिवार-रविवारी चालतो, पण नाताळसारख्या गर्दीच्या दिवसांत नाही. ताईनं तोच घेतला होता. शिवाय काही दिवशी जागा आधी राखून ठेवावी लागते. म्हणून पास घेण्यापूर्वी दर बघायचा, पण त्याहून आधी कॅलेंडर बघायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. ताईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेतले होते, शाळेच्या प्रवेशाला निघाल्यासारखे! मोटार लावतात तिथंच तिकिटांच्या खिडक्या आहेत. खिडकीवरच्या बाईंनी ताईचं नि भावोजींचं ओळखपत्र पाहिलं. पत्ता फ्लोरिडाचाच आहे ना, हे तपासलं. फोटो झाले. छोटूला मात्र पास नको होता. तिथं तीन वर्षांखालच्या बाळांना फुकट सोडतात. पण तिसरा वाढदिवस झाला, की पासाची किंमत मोठ्या माणसाइतकीच बरं का! “पास चालू झाला,” बाई म्हणाल्या आणि मनूनं जी उडी मारली!

माझं एका दिवसाचं तिकीट वेगळं काढलं. शंभर डॉलरच्या वर! म्हणजे आपले दहा हजारांहून जास्त रुपये. मी पैसे मोजले आणि मनात म्हटलं, एवढ्यात माझ्या चौथीच्या अख्ख्या वर्गाची सहल झाली असती.

दारात प्रत्येकानं बोट टेकवायचं. पास ज्याचा, बोट त्याचंच हवं. बोटाचं चित्र ठेवत नाहीत, त्यावरून यंत्र एक आकडा बनवतं आणि तोच पुढच्या वेळी पडताळतं. त्या दिवशी मी काय काय पाहिलं ते सांगायला बसले, तर हा अंक पुरायचा नाही. एवढंच सांगते, की मी सारखी धावत होते. हे राहिलं, ते राहिलं! तिकीट एका दिवसाचं होतं ना. आणि मनू? ती निवांत एका बाकावर बसून बदकांना बघत होती.

आता खरी गोष्ट. पुढच्या आठवड्यात, मी परत निघण्याच्या दोन दिवस आधी, ताईनं पुन्हा जायचं ठरवलं. भावोजींना कामावर जायचं होतं. माझ्याकडे दुसऱ्या तिकिटाचे पैसे नव्हते आणि ताईकडून घेणं बरं वाटेना. रात्री मनू हळूच माझ्याजवळ आली. “मावशी, बाबांचं कार्ड घे ना! ते उद्या येणार नाहीत. पैसे तर भरलेलेच आहेत.”

खरं सांगू? क्षणभर माझ्याही मनात आलं, काय हरकत आहे? पैसे तर घरातलेच! पण लगेच माझा वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. मी म्हटलं, “मनू, मी वर्गात हजेरी घेते ना, तेव्हा एखादा पोरगा मित्र आला नसला तरी त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणतो. मी त्याला काय म्हणत असेन?”

“खाली बस!” मनू म्हणाली.

“मग?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तसंही तिथं बोट लावावं लागतं. पण ते यंत्र नसतं तर, मावशी?”

“तर मग जास्तच विचार करायला हवा होता. यंत्र असलं की ते आपल्याला अडवतं. नसलं की आपणच आपल्याला अडवायचं.”

दुसऱ्या दिवशी तरीही आम्ही गेलोच. कारण सगळ्याच गोष्टींना तिकीट नसतं! मोटार लावायचे पैसे ताईच्या पासामुळे पडले नाहीत. तिथून मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत तळ्यातून मोठी बोट जाते, तिला पैसे नाहीत. एका रुळावरून धावणारी मोनोरेल आहे, ती तर एका हॉटेलच्या पोटातून आरपार जाते, तिलाही पैसे नाहीत. बोटीतून सिंडरेलाचा १८९ फूट उंच राजवाडा दिसत होता. ताईनं सांगितलं, की हे तळं माणसांनी खणलंय. त्यातली माती टाकून पलीकडची जमीन उंच केली आणि आपण ज्या रस्त्यांवरून फिरलो, त्यांच्याखाली कामगारांसाठी बोळ बांधले. जमिनीत थोडंसं खणलं तरी पाणी लागत होतं, म्हणून ही युक्ती! पहिल्या दिवशीच्या धावपळीत यातलं काहीच मला दिसलं नव्हतं.

बोट दाराशी लागली. मी म्हटलं, “मनू, तू आईबरोबर आत जा. मी छोटूला घेऊन इथं बसते.”

मनू दारापर्यंत गेली. आतून बँडचा आवाज येत होता. तिनं हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि परत आली. माझ्याशेजारी बाकावर बसत म्हणाली, “नको. माझ्याकडे अख्खं वर्ष आहे, मावशी. तू तर परवा जाणार.”

त्या दिवशी आम्ही चौघांनी डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि त्याच बोटीतून तीन फेऱ्या मारल्या. डिस्ने वर्ल्डमधला माझा सगळ्यांत छान दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

आता तुमच्यासाठी एक गणित. समजा, एका दिवसाचं तिकीट १२० डॉलर आणि वर्षाचा पास ७५० डॉलर. निदान किती वेळा गेल्यावर पास परवडेल? उत्तर आलं, की आईबाबांना विचारा, “आपण वर्षातून खरंच इतक्या वेळा जाऊ का?” पोहण्याच्या तलावाची वर्गणी असो, नाहीतर वाचनालयाची, पैसे भरण्याआधी हे गणित करायचं. पास कपाटात पडून राहिला तर तो सगळ्यांत महाग!

आणि हो, दप्तरातला एसटीचा पास जरा काढून पुन्हा नीट वाचा. नाव कुणाचं आहे त्यावर?